मोना मॅडमना न्हाय कसं म्हणायचं

गडमुडशिंगीच्या अंगणवाडीत क्रांती शिंगे मदतनीस आहे म्हटलं की लोकांना वाटतं, बसून खायची नोकरी. पोरं तर सांभाळायची, अजून काय! एक दिवस येऊन करून बघा म्हणावं. सकाळी कुलूप काढायचं, व्हरांड्यातली कुत्र्यांची घाण धुवायची, खोली झाडायची, पाणी भरायचं, मग गल्लोगल्ली फिरून पोरं गोळा करायची. एकाचा हात धरला की दुसरं गटारीकडं पळतंय. मग खिचडी, मग भांडी, मग कुणीतरी ओली केलेली चड्डी. आणि एवढं करून आईबाप दारात आले की विठाबाईंना म्हणणार, "बाई, आमचं बाळ कसं शिकतंय?" आणि क्रांतीला म्हणणार, "ए, त्याचं नाक पूस की गं."

विठाबाई म्हणजे सेविका. खुर्ची तिची, टेबल तिचं, सही तिची. बाई वाईट नव्हती, पण तोंडानं फटकळ. चौदा वर्षांत तिनं क्रांतीला एकदाही बरं केलंस असं म्हटलं नव्हतं. मीठ जास्त झालं की मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

त्याच विठाबाईनं एका दुपारी क्रांती भांडी घासत असताना तिला हाक मारली. "हे बघ, फुडच्या जूनला मी रिटायर होतो. माझ्या जाग्यावर पयला हक्क तुझा, नियमच हाय तसा. पर बारावी पायजे. त्याबिगर तुला कोण खुर्चीला हातबी लावू द्यायचं न्हाय. नापास हाईस न्हवं तू?"

"व्हय," क्रांती म्हणाली.

नापासच होती. इंग्रजी आणि अर्थशास्त्र दोन्ही गेले, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेआधी लग्न झालं. मग मुलगी झाली, म्हैस आली, सासूचे गुडघे गेले, नवरा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लागला आणि बारावी कुठल्या कुठं राहून गेली. आता मुलगीही लग्न होऊन गेली. वयाची चाळिशी उलटलेली, आणि कंबर अशी की खाली वाकलं तर वर यायला जमिनीला हात टेकावा लागतो. अजून वीस वर्षं झाडू मारायचा या विचारानंच तिला रडू यायचं. तिला ती खुर्ची पाहिजे होती. मान वगैरे नंतरचं. दिवसातनं दोन घटका बसायला मिळेल, ही पहिली गोष्ट.

घरात विषय काढला तर नवरा प्रसेनजीत म्हणाला, "कर की, कोण नको म्हणतंय?" आणि परत मोबाईलमध्ये गेला. सासू आक्काताई म्हणाली, "आणि म्हशीची धार कोण काढणार?" म्हणजे परवानगी मिळाली असं क्रांतीनं धरलं. आमच्याकडं एवढ्यालाच परवानगी म्हणतात.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका संस्थेचं ऑनलाईन शिकवायचं काम होतं. कामाला जाणाऱ्या, घरात अडकलेल्या बायाबापड्यांसाठी बारावीचा कोर्स. तिथल्या ऋतुराज सरांनी तिच्या मोबाईलमध्ये सगळं घालून दिलं आणि सांगितलं, "ताई, ह्या मोना मॅडम. खऱ्या बाई नाहीत बरं का, एआय आहे. तुम्ही कधीही विचारा, कितीही विचारा. त्या दमत नाहीत, चिडत नाहीत."

दमत नाहीत! क्रांतीला त्याचंच पहिल्यांदा नवल वाटलं.

पोरं घरी गेली, विठाबाई गेली की दुपारची अंगणवाडी रिकामी पडायची. क्रांती दार लोटून घ्यायची, तोंडावर पाणी मारायची, पदर नीट करायची. पोरांच्या बुटक्या टेबलावर मोबाईल उभा करायची आणि आपण खाली सतरंजीवर मांडी घालून बसायची. पाय पसरून नाही, भिंतीला टेकूनही नाही. मॅडम शिकवणार आणि आपण लोळायचं, हे काय बरं दिसतं? पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मी आलो मॅडम." आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, मी आलो, मी जेवलो. तर मोना मॅडम गोड आवाजात विचारतात, "आपण कोण बोलत आहात? क्रांतीताई जवळ आहेत का?" क्रांती एकटीच पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली असेल कोण जाणे.

मॅडम दिसायला पंचविशीच्या, निळी साडी, केस चापूनचोपून. बोलणं शुद्ध आणि मऊ. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, इंग्रजी शिकवायच्या, आणि प्रत्येक भाग संपला की थांबून विचारायच्या, "समजलं का, क्रांतीताई?"

आणि क्रांती म्हणायची, "व्हय मॅडम."

आता खरं सांगायचं तर तिला काडीचं समजलेलं नसायचं. अर्धा वेळ डोळे मिटत असायचे. मागणीची लवचिकता म्हणजे काय आणि ती कुणाची कुणाला लागते, तिला ठाऊक नव्हतं. पण गुरुजींनी विचारलं समजलं का, की व्हय म्हणायचं असतं. हे काय शिकवावं लागतं? प्राथमिक शाळेपासून सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "व्हय गुरुजीऽऽ!" न्हाय म्हणणारं एखादं निघालंच तर गुरुजी म्हणायचे, एवढा वेळ काय झोपला होतास काय? आणि घरी तरी काय वेगळं होतं? सासू म्हणाली कळलं का, व्हय. नवरा म्हणाला ऐकलं का, व्हय. विठाबाई म्हणाली ध्यानात आलं का, व्हय. माणूस आपल्यासाठी एवढा घसा कोरडा करतंय आणि त्याच्या तोंडावर न्हाय म्हणायचं, म्हणजे त्याचा अपमानच की.

दुसरंही एक होतं. ते ती कुणाला सांगत नव्हती. व्हय म्हटलं की मोना मॅडम हसायच्या आणि म्हणायच्या, "छान! खूप छान प्रगती आहे तुमची, क्रांतीताई." छान हा शब्द तिला कुणी शेवटचा कधी म्हटला होता, ते तिला आठवत नव्हतं. त्या एका शब्दासाठी ती दमलेलं अंग ओढत दुपारपर्यंत आणायची. खरं तर शिकायला ती बसतच नव्हती. छान ऐकायला बसत होती.

मधे मधे प्रश्न यायचे. चार उत्तरांतलं एक दाबायचं. चुकलं की मॅडम जरा सुचवायच्या, परत चुकलं की अजून सुचवायच्या, शेवटी एकच उत्तर उरायचं. ते दाबलं की पुन्हा छान. असं करत पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि मोबाईलमधली, किती धडे झाले ते दाखवणारी क्रांतीच्या नावाची पट्टी खालपासून वरपर्यंत हिरवीगार झाली. तिनं ती प्रसेनजीतला दाखवली. "बघा, सगळं हिरवं झालं." तो म्हणाला, "मग झालीस की पास." त्या दिवशी तिनं घरात शिरा केला.

जानेवारीत सराव परीक्षा आली. ही मात्र शाहूपुरीत, कागदावर, स्वतःच्या हातानं लिहायची. क्रांती केएमटीच्या बसनं गेली. पेपर हातात घेतला. इथं चार उत्तरं नव्हती. सुचवायला कोणी नव्हतं. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, नुसती अक्षरं दिसली. तिनं वर नाव लिहिलं, प्रश्न जसेच्या तसे सुवाच्य अक्षरात उतरून काढले आणि वेळ संपेपर्यंत मान खाली घालून बसली. आधी उठून जायचं धाडसही झालं नाही.

दोन दिवसांनी ऋतुराज सरांनी बोलावून घेतलं. एका बाजूला तिचा पेपर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरवर हिरवीगार पट्टी. पोरगं तिच्या भाच्याच्या वयाचं, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. एकट्यानं शेकडो विद्यार्थी बघायचे म्हणजे आणखी काय होणार?

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्या नावावर दुसरं कोण बसत होतं काय? मुलगी वगैरे?"

क्रांतीचं तोंड लाल झालं. "मीच बसत हुतो सर. एक दिवस चुकवला न्हाय."

"मग हे असं कसं? प्रत्येक धड्याला समजलं म्हणून सांगितलंय तुम्ही."

"मग काय सांगायचं?" क्रांती एकदम बोलून गेली. "बिचारी एवढं जीव तोडून शिकवतीया. तिच्या तोंडावर न्हाय समजलं कसं म्हणायचं?"

ऋतुराजला हसू आलं, पण ते हसणं चेष्टेचं नव्हतं, दमलेलं होतं. "अवो ताई, तिला तोंड कुठाय?" तो म्हणाला. "तुम्ही एकट्या नाही. पन्हाळ्याचे बघा, इकडचे बघा, सगळी बॅच हिरवी आहे, आणि पेपर सगळ्यांचे कोरे. पुण्याची पोरं म्हणे त्या मशीनला सळो की पळो करून सोडतात. आणि आपल्याकडं तिला न्हाय ऐकायलाच मिळत नाही. तुम्ही व्हय म्हटलं की ती पुढं जाणार. तिला काय तुमचा चेहरा वाचता येतोय?"

"मग आता?"

"आता परीक्षेला महिना राहिलाय. बसू नका असं मी म्हणणार नाही. पण न्हाय म्हणायला शिका पहिलं."

परतताना बसमध्ये जागा मिळाली नाही. क्रांती दांडीला धरून उभी होती आणि तिला कुणाचा राग यावा तेच कळत नव्हतं. मॅडमचा, ऋतुराजचा, का स्वतःचा. सहा-सात महिने एवढी झोप मोडून मिळवलं काय, तर छान! त्या छानला घेऊन काय चुलीत घालायचंय? जूनला विठाबाई जाणार, नवी कोणतरी येऊन खुर्चीवर बसणार, आणि ती आपल्याला म्हणणार, ए, त्याचं नाक पूस. तिला बसमध्येच रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं ओ?" तर म्हणाली, "काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि बराच वेळ चालूच केला नाही. तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, न्हाय समजलं. जीभ अडखळायची. शेवटी डोळे मिटून एका दमात बोलली, "मॅडम, मला पयल्यापासनं कायबी समजलेलं न्हाय. मी तुमास्नी खोटं सांगत हुतो."

तिला वाटलं, मॅडमचा चेहरा पडेल. बोलणं तुटेल. निदान एक उसासा तरी ऐकू येईल.

मोना मॅडम हसल्या. अगदी तशाच, रोजच्यासारख्या. "काही हरकत नाही, क्रांतीताई. सांगितलंत ते बरं झालं. आपण पहिल्यापासून सुरू करूया का?"

न्हायलाही तेवढंच हसू, आणि व्हयलाही तेवढंच. एवढे महिने ती ज्या बाईचं मन सांभाळत होती, ती बाईच तिथं नव्हती. आणि मग ते छान? ते तरी कुणी म्हटलं होतं? तिला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. त्या रिकाम्या खोलीत, पोरांच्या टेबलापुढं, ती हुंदके देऊन रडली. मॅडम वाट बघत थांबल्या होत्या. त्यांना काही घाई नव्हती.

रडून झालं तेव्हा तिनं पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली आणि म्हणाली, "सांगा आता. ती लवचिकता म्हंजे काय?"

मॅडमनी सांगितलं. "न्हाय समजलं." मॅडमनी दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं, कॉफीचं उदाहरण देऊन. "न्हाय समजलं. कॉफी कोण पितंय हितं?" मॅडम म्हणाल्या, मग तुमच्या घरात नेहमी लागणाऱ्या वस्तू सांगा. क्रांती म्हणाली, मीठ. अजून? मटण. मग मॅडमनी विचारलं, मिठाचा भाव वाढला तर तुम्ही काय करता?

"काय करणार? आणतोयच की."

"आणि मटणाचा वाढला तर?"

"मग कुठलं मटण? पावणं आलं तरच."

"हीच मागणीची लवचिकता, क्रांतीताई. मिठाची कमी, मटणाची जास्त."

"आवो, एवढंच?" क्रांती मोठ्यानं ओरडली. "मग हे पयलंच सांगायचं न्हाय व्हय!"

पयलं विचारलंच नव्हतं, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

पुढचा महिना कसा गेला ते विचारू नका. सकाळी चूल, धार, अंगणवाडी. दुपारी मोना मॅडम. संध्याकाळी परत धार, परत चूल, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता इंग्रजीचे शब्द. भाकरी करपायची, आक्काताई बोंबलायची. न्हाय म्हणायला एकदा तोंड उघडलं तसं क्रांतीनं मॅडमना सोडलं नाही. एकेक गोष्ट चारचारदा, सहासहादा विचारली. मॅडम छान म्हणायच्या तेव्हा ती म्हणायची, "ते ऱ्हाऊ दे, फुडचं सांगा." गोडी गेली होती त्यातली. अभ्यास तेवढा राहिला होता आणि तो अंगावर यायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या आजूबाजूला सगळी मुलीच्या वयाची पोरं होती. ती लिहीत राहिली. सगळं येत नव्हतं, पण या वेळी प्रश्न उतरून काढले नाहीत.

मेमध्ये निकाल लागला. पास झाली. इंग्रजीत काठावर, पण पास. विठाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. पातेलं नीट घास, काल तळाला लागलंय." तरी जाताना तिनं क्रांतीच्या हातावर दोन पेढे ठेवले.

सगळं इथंच थांबलं असतं तर काय पाहिजे होतं!

चार दिवसांनी संध्याकाळी दारात गाडी थांबली. विजयसिंह. ग्रामपंचायतीचा सदस्य, गावात त्याच्या शब्दाला वजन. शिंग्यांच्या दारात तो निवडणुकीशिवाय कधी आलेला नव्हता. प्रसेनजीतनं धावत जाऊन खुर्ची अंगणात टाकली. आक्काताईनं चहा विचारला. "नको नको, आत्ताच झाला," तो म्हणाला. त्याचा चहा या घरापाशी आला की नेहमी आत्ताच झालेला असायचा.

"अभिनंदन बरं का ताई," विजयसिंह म्हणाला. "ह्या वयात बारावी म्हंजे गंमत न्हाय. तर आलतो अशासाठी, आमच्या वर्षाराणीचं, सूनबाईचं चाललंय. तिला अंगणवाडीत बसवायचं म्हणतोय. शिकलेली हाय, घरात बसून कटाळलीया. आता हक्क तुमचा हाय, मी न्हाय कुठं म्हणतोय? तुमी फकस्त एक अर्ज द्यायचा. घरगुती अडचणीमुळं सेविका म्हणून काम जमणार न्हाय, एवढंच. तुमचं मदतनिसाचं काम हायच की चालू. आणि घरकुलात तुमचं नाव बसवायचं मी बघतोय. समजलं न्हवं?"

"व्हय व्हय साहेब, समजलं की," आक्काताई म्हणाली. प्रसेनजीत जमिनीकडं बघत होता. घरकुलासाठी त्यानं दोन वर्षं हेलपाटे घातले होते.

क्रांती उंबऱ्यात उभी होती. धार काढून आलेली, हाताला दुधाचा वास, कंबर तुटलेली. भांडायची ताकद तिच्यात राहिली नव्हती, खरंच नव्हती. व्हय म्हणणं किती सोपं होतं! व्हय म्हटलं की हा उठेल, जाईल, आणि आपल्याला आडवं होता येईल. तोंडापर्यंत आलेलं ते तिनं गिळलं.

"मला न्हाय समजलं," ती म्हणाली.

विजयसिंह हसला. शांतपणे त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, जरा आणखी गोड करून.

"न्हाय समजलं दादा. घरगुती अडचण कंची?"

"म्हंजे... आसतीया की काय तर. तसं लिहायचं आसतंय."

"मला तर कंची न्हाय. सासूबाईंची हाय, पर ती मी मदतनीस असतानाबी हायच की. मग कशासाठी लिहायचं?"

"अगं क्रांते, गप!" आक्काताई म्हणाली.

"न्हाय, समजू दे की मला," क्रांती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तसं ती बोलत होती. "परत एकदा सांगा."

आता विजयसिंहाचा चेहरा जरा ताणला. "अवो ताई, सरळ हाय. गावची पोरं, गावचं लोक येणार जाणार, साहेब लोक येणार. तिथं खुर्चीवर सूनबाई बसली तर बरं दिसतंय."

"आणि मी बसलो तर?"

विजयसिंहानं प्रसेनजीतकडं बघितलं, आक्काताईकडं बघितलं, मग हातातल्या किल्लीकडं बघितलं. एवढा बोलका माणूस, पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर त्याला कुणाच्या देखत देता येईना. क्रांती वाट बघत थांबली. तिलाही आता काही घाई नव्हती.

"म्हंजे अर्ज देणार न्हाय म्हणा की सरळ," शेवटी तो उठत म्हणाला.

"न्हाय."

एवढं मात्र त्याला एका दमात समजलं. गाडी निघून गेली तशी आक्काताईनं कपाळ बडवून घेतलं आणि प्रसेनजीत म्हणाला, "घरकुल गेलं बघ आता." क्रांती आत जाऊन दिवेलागणीलाच भुईवर आडवी झाली आणि भाकरी कोण करणार म्हणून सासूनं तीनदा विचारलं तरी उठली नाही.

जूनमध्ये नेमणूक क्रांतीच्याच नावानं आली. घरकुलाचं अजून आलेलं नाही.